खाऊ दाखवून वळण लागतं का?

मुद्देसूद मनी

चांगल्या वागण्याबद्दल मुलाला तक्त्यावर स्टार देणं म्हणजे लाच, कुत्र्याला खाऊ देऊन शिकवणं म्हणजे त्याला खादाड करणं, असं हल्ली सारखं ऐकू येतं. मला अजिबात पटत नाही. लाच गोंधळ थांबवायला आधी दाखवतात, बक्षीस काम झाल्यावर मिळतं. घरोघरी फसतं ते खाऊमुळे नाही, तो चुकीच्या क्षणी दिल्यामुळे.

बेल वाजली की पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणारा लॅब्रेडॉर घ्या. "खाली, खाली" ओरडत त्याला छातीवर ढकलणं हा त्याच्या लेखी खेळ, म्हणजे उडीला मिळालेलं बक्षीसच. त्याऐवजी उकडलेल्या चिकनचे नाहीतर पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे घ्या. चारही पाय जमिनीवर असताना "यस" (म्हणजे "हेच बरोबर" अशी खूण) म्हणा आणि तुकडा जमिनीवरच ठेवा. हात वर धरलात तर तोंड वर जातं आणि पुढचे पाय सुटतात. "यस" अर्ध्या सेकंदात यायला हवा. उशीर झाला आणि तोवर कुत्र्याने मान वळवली, तर "यस" मान वळवण्याला लागू होतो. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरेत. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढची पायरी: आधी घरचंच माणूस दारात, मग बेल, मग परका माणूस. लागोपाठ दोनदा चुकला तर एक पायरी मागे. पक्कं झाल्यावर खाऊ कधी दुसऱ्या वेळी, कधी पाचव्या. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि मग म्हणतात, खाऊ नसला की ऐकत नाही.

खवचट मास्तर

कुत्र्यापुरतं मान्य. मुलांच्या बाबतीत नाही. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं, "चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल" (सोनेरी शिक्का, लाल फीत, सगळा थाट). नंतर बक्षीस नसताना ही मुलं रंगीत पेनांशी बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ रमली. ज्यांना तेच प्रमाणपत्र अचानक दिलं, त्यांच्यात घट नाही. वाचनाला स्टार लावून बघा, पोरगं सगळ्यात पातळ पुस्तक उचलतं.

आणि इस्रायलमधल्या हैफा शहराची पाळणाघरं? मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना 10 शेकेल दंड लावला, तर उशीर वाढला. दंड काढला तरी खाली आला नाही. पैसे भरले की अपराधी वाटायचं कारण उरलं नाही.

निळी छत्री

मास्तर, अर्धंच सांगितलंत. त्या प्रयोगात मुलं निवडली होती तीच मुळी चित्रांची आवड असलेली. असलेली आवड बक्षिसाने मारता येते हे खरं, पण दात घासायची आवड कोणत्या पोराला असते? नसलेलं काय कमी होणार? आणि हैफातला दंड बक्षीस नाहीच, त्याचा हिशेब इथे नको.

मनीताईंशी मात्र माझं भांडण वेगळं आहे. सात वर्षांचं मूल रात्री अंथरूण ओलं करतं आणि पालक कोरड्या रात्रीला स्टार लावतात. झोपेत जे त्याच्या हातात नाही त्याचा स्टार हुकला की मूल नुसतं हिरमुसतं. तिथे उपयोगी पडतो ओलाव्याचा अलार्म, तो उपचार म्हणून रूढ केला मावरर या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने, 1938 मध्ये. चड्डीतल्या सेन्सरला थेंब लागला की गजर वाजतो. सुरुवातीला मूल गजराने उठतच नाही, मोठ्यांनी त्याला पूर्ण जागं करून चालत संडासात न्यायचं. उचलून नेलंत तर काही शिकणं होत नाही. लागोपाठ 14 रात्री कोरड्या गेल्या की बंद. दोन-तीन महिने धरून चाला. स्टार द्यायचाच तर झोपण्याआधी लघवीला जाऊन येण्याला, चादर बदलायला मदत करण्याला द्या. आणि बराच काळ कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं तर आधी डॉक्टरकडे.

मुद्देसूद मनी

यात भांडण कसलं? स्टार फक्त हातातल्या गोष्टीला, यावर एकमत. मास्तरांच्या पातळ पुस्तकाचा दोष मात्र बक्षिसाचा नाही. "पुस्तक संपव" असं मोजलंत म्हणून पातळ आलं. "जेवणानंतर 15 मिनिटं, हवं ते पुस्तक" असं मोजा.

घरचा भोपळा

सगळे बक्षिसाच्या डब्यावर भांडताय, खरी गोची आजीच्या पदराखाली आहे. जेवताना मोबाईल बंद करायचा ठरला. पहिले दोन दिवस मूल जास्तच रडणार, ताट ढकलणार; पूर्वी मिळत होतं ते बंद झालं की आधी जोर वाढतो, मग ओसरतो. तिसऱ्या दिवशी, पाचव्या भोकाडाला, "असू दे गं, चार घास पोटात जातील" म्हणून मोबाईल हातात येतो. झालं, पोर शिकलं की पाच वेळा भोकाड पसरावं लागतं. कधी मिळतं कधी नाही, अशा सवयी सगळ्यात चिवट. घरातले सगळे एकमताचे नसतील तर सुरूच करू नका. नुसतं बंद करूनही भागत नाही. ताट समोर आल्यावर पहिल्या दोन मिनिटांत बोललात, वाटी वाढायचं काम दिलंत, तर रडायला जागा कमी राहते.

खवचट मास्तर

भोपळ्याशी सहमत. (असं क्वचित होतं.)

पण बक्षिसावर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी अजून एक. बक्षिसाने वर्तन कसं घडतं याचा अभ्यास करणाऱ्या स्किनर या मानसशास्त्रज्ञाकडे शिकलेल्या ब्रेलँड दांपत्याने 1961 मध्ये रकूनचा (पुढच्या पंजांनी वस्तू हाताळणारा अमेरिकेतला एक छोटा प्राणी) किस्सा छापला. खाऊच्या मोबदल्यात नाणं डब्यात टाकायला शिकवलं. एका नाण्याला कसंबसं जमलं. दोन दिली तर रकून ती एकमेकांवर घासत बसला, डब्यात बुडवून परत काढू लागला, जसं तो खाणं धुताना करतो. खाऊ हातचा जात होता तरी घासणं वाढतच गेलं. प्राण्याच्या अंगात काय आहे हे न बघता बक्षीस वाढवलं की असं होतं. रात्री साडेनऊला पेंगणाऱ्या पोराला पाढ्यांसाठी दोन स्टारचे चार केलेत तरी ते जांभयाच देणार.

निळी छत्री

पाढे सहाला घ्या. आणि स्टारचा तक्ता चार-सहा आठवड्यांत उतरवायचा हे लावतानाच ठरवा: आधी रोज, मग एक दिवसाआड, मग आठवड्याचा एकच. सोबत "आज सतराचा पाढा न अडखळता म्हटलास" असं नेमकं सांगा. "शहाणा माझा" म्हणून काय बरोबर आलं ते त्याला कळत नाही.