मॉडेल डिझेल इंजिनावर खराच नंबर हवा का?

घाटवाला:
एचओ स्केलमध्ये (म्हणजे १:८७) आपल्या रेल्वेचं जुनं डिझेल इंजिन डब्ल्यूडीएम-२ करतोय. बॉडी झाली, आता रंग आणि नंबर. मित्र म्हणतो, पाच आकडे टाक कुठलेही, कोण बघतंय? मला ते पटत नाही. नंबरावरून इंजिनाचं घराणं कळतं. ११ हजारांतली डब्ल्यूडीएम-३डी, १२ हजारांतली डब्ल्यूडीजी-४. डब्ल्यूडीएम-२ वर ११ हजारांचा नंबर दिसला की माझं तरी डोकं फिरतं. तुम्ही काय करता?

सायडिंग:
मित्राचं बरोबर आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मि.मी. १:८७ ला ती साधारण सव्वाएकोणीस मि.मी. भरते आणि आपण सगळे साडेसोळाच्या रुळावर गाड्या पळवतो. पावणेतीन मिलिमीटर गिळून ढेकर दिलेल्यांनी नंबराचं सोवळं पाळायचं म्हणजे कमाल आहे!

अल्कोवेडा:
गेज बदलायचं तर रूळ, चाकं, बोगी (चाकांचा सांगाडा) सगळंच नवं. डेकल (नंबराची चिकटपट्टी) खरी लावा नाहीतर खोटी, मेहनत तेवढीच. मग खरी का नको?
पण धागाकर्ते, नुसत्या नंबरानं भागत नाही, साल ठरवा. एकच डब्ल्यूडीएम-२ आधी व्हॅक्यूम ब्रेकवर धावलं, पुढे एअर ब्रेक बसले की २ए झालं. काही इंजिनं पतियाळाला नव्यानं बांधली गेली, २६०० ची ३१०० अश्वशक्ती झाली, वर्ग ३ए झाला. बफर बीमकडे, म्हणजे बफर बसवलेल्या टोकाच्या आडव्या पट्टीकडे बघा. व्हॅक्यूमच्या काळात तिथे जाडजूड पाइप लोंबायचा. एअर ब्रेकवाल्याला बारीक होसपाइप, बीपी (ब्रेक पाइप) हिरवा, एफपी (फीड पाइप) पांढरा. सत्तरच्या दशकातला रंग मारून खाली हिरवे-पांढरे पाइप आणि वर फ्लॅशर लाइट लावलात, तर खरा नंबरही खोटाच दिसणार.

सायडिंग:
बरं, मग रंग कुठल्या दिवशीचा? शेडमधून (इंजिनांच्या आगारातून) बाहेर पडल्याचा, की चार उन्हाळे खाल्ल्यावरचा? लाल विटतो, लाँग हूडवर (केबिनपुढच्या लांब नाकाडावर) या अल्को बनावटीच्या इंजिनाची काजळी बसते. पुरावा म्हणून तुम्ही दाखवणार जुन्या रोलवरचा फोटो, तोही स्कॅन करून मोबाइलवर. त्यातला ‘अचूक’ मरून रंग कुठला ते सांगा राव.

मिरजकर:
या मुद्द्यावर सायडिंगशी सहमत. डबीतला रंग खऱ्याशी हुबेहूब जुळला तरी एवढ्याशा बॉडीवर गडद दिसतो. मी थोडा पांढरा मिसळतो आणि ज्या दिव्याखाली लेआउट आहे त्याच दिव्याखाली बघून ठरवतो. डेकलआधी ग्लॉस कोट हवाच. मॅट रंगावर लावलीत तर खाली हवा अडकते आणि आकड्यांभोवती चंदेरी कडा दिसते. मॅट वार्निश सगळ्यात शेवटी.
नंबराबाबत मात्र मी अल्कोवेडांच्या बाजूचा. काल्पनिक टाकायचाच तर शेडचं नाव लिहू नका. खाली ‘पुणे’ किंवा ‘कल्याण’ आलं की उद्या कोणीतरी तुमच्याच मॉडेलचा फोटो दाखवून वाद घालणार.

सायडिंग:
त्याला मी काय करू? माझ्या इंजिनावर मुलीची जन्मतारीख आहे आणि ती तशीच राहणार. शिवाय खरी रेल्वेसुद्धा असले खेळ करते. अमेरिकेत युनियन पॅसिफिकनं विलीन झालेल्या कंपन्यांच्या रंगात एसडी७०एसीई इंजिनं रंगवली आणि नंबर दिले विलीनीकरणाच्या सालांचे. मिसुरी पॅसिफिकला १९८२, सदर्न पॅसिफिकला १९९६.

अल्कोवेडा:
उदाहरण माझ्याच कामाचं दिलंत. ते नंबर खऱ्या इंजिनांवर रंगवलेले आहेत, त्यामुळे मॉडेलवर १९८२ टाकला तर तो अचूकच. तुमची मुलगी कुठल्या शेडला आहे?

सायडिंग:
घरच्या. तिथे माझंही काही चालत नाही.

घाटवाला:
😀 ठरलं. ऐंशीच्या सुमाराचं इंजिन, जाड व्हॅक्यूम पाइप, फ्लॅशर नाही. नंबर असा घेतो की त्याच इंजिनाचे दोन्ही बाजूंचे फोटो हाताशी असतील. रंगात पांढरा मिसळून आधी टाकाऊ बॉडीवर मारून बघतो. कुणाकडे त्या काळातल्या लाँग हूडच्या टोकाचे जवळून काढलेले फोटो आहेत का? सगळे शॉर्ट हूडचेच काढून ठेवतात.