प्रति: विंडोज-लिनक्समध्ये एन्क्रिप्टेड मेल

एन्क्रिप्टेड (कुलूपबंद केलेला) मेल उघडायचा तर पाठवणारा नि घेणारा, दोन्हीकडे एकच सिस्टीम हवी, हे इथलं वरचं मत पटलं नाही. ओपनपीजीपी हे मेल एन्क्रिप्ट करण्याचं खुलं मानक आहे, त्याला विंडोज काय नि लिनक्स काय, दोन्ही सारखेच. इंदूरला माझं लिनक्स, बडोद्याला मामेभावाचं विंडोज. वाड्याच्या वाटणीचे कागद आम्ही असेच पाठवतो आणि ते बिनतक्रार उघडतात.

अडतं ते बहुतेक किल्ल्यांपाशी, म्हणजे मेल कुलूपबंद करायच्या नि उघडायच्या डिजिटल चाव्यांपाशी. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये ७८व्या आवृत्तीपासून (२०२०) ही सोय आतच आहे, पण त्याचा किल्ल्यांचा जुडगा वेगळा असतो. मामेभावाने माझी किल्ली क्लिओपात्रा या किल्ल्या सांभाळायच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये घेतली होती, म्हणून थंडरबर्डला ती दिसेना. किल्लीची फाइल थंडरबर्डमध्ये पुन्हा इम्पोर्ट केली की काम झालं. आणि किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळखखूण, फोनवर वाचून ताडून बघाच, तेवढा कंटाळा करू नका. साधारण ४० अक्षरं-अंक असतात, चार-चारच्या गटांत वाचायचे. 'बी' आणि 'डी' सारखेच ऐकू येतात, तेव्हा 'बडोद्याचा बी', 'देवासचा डी' असं म्हणायचं. विषयाच्या ओळीत मात्र खाजगी काही लिहू नका, बरेच प्रोग्रॅम ती उघडीच पाठवतात.