'पगा-लो-ईअमोस': क्रियापदाच्या पोटात शिरलेलं सर्वनाम

प्रश्न: पोर्तुगीज मजकुरात 'पगा-लो-ईअमोस' असं रूप आलं. एकाच क्रियापदात दोन जोडरेषा कशाला? आणि याची अक्षरं कशी पाडायची?

उत्तर: यातलं मूळ क्रियापद तुमच्या रोजच्या बोलण्यातलं आहे: पगार! पोर्तुगीजमध्ये 'पगार' म्हणजे पैसे देणं, फेडणं. आघात 'गार'वर, आणि मराठीनेही दीर्घ आ नेमका तिथेच ठेवला.

'मी फेडीन' म्हणजे 'पगारेइ'. हे मुळात दोन शब्द: 'पगार' आणि 'एइ'. हा 'एइ' म्हणजे 'आवेर' (जवळ असणे) या क्रियापदाचं प्रथमपुरुषी रूप. 'मला फेडायचं आहे' यातूनच 'फेडीन' झालं म्हणा ना. पण सांधा पुरता बुजला नाही, म्हणून सर्वनाम आलं की तो उघडतो: 'पगार-ल्ये-एइ', मी त्याला पैसे देईन. आपलं 'जातोय' नाही का, 'च' आला की उकलून 'जातोच आहे' होतं! मला तर हे साम्य सापडलं तेव्हाच ही रूपं खरी कळली.

आता अक्षरं. 'पगारेइ'ची फोड प-गा-रेइ. इथे र पुढच्या अक्षरात गेला. 'पगार-ल्ये-एइ'मध्ये मात्र प-गार-ल्ये-एइ, र मागेच थांबला. 'एइ' एका दमात म्हणायचं. 'ल्य'साठी रोमन लिपीत एल आणि एच अशी दोन अक्षरं लागतात, पण ध्वनी एकच, म्हणून ती कधी तोडायची नाहीत.

तुमच्या रूपात कर्म आहे 'ओ', म्हणजे 'ते'. त्याच्यापुढे क्रियापदाचा र गळतो आणि 'ओ'चं जुनं रूप 'लो' वर येतं. र गेला तरी आघात 'गा'वरच आहे हे दाखवायला रोमन लिपीत तिथे आघातचिन्ह, आणि शेवटच्या तुकड्यातल्या 'ई'वर दुसरं. फोड: प-गा-लो-ई-अ-मोस, सहा अक्षरं. अर्थ: (पैसे असते तर) आम्ही ते फेडलं असतं.

प्रश्न: ओळ नेमकी जोडरेषेवर मोडली तर?

उत्तर: पोर्तुगीजभाषक देशांच्या 1990च्या शुद्धलेखन करारानुसार ती रेघ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा काढायची. नाहीतर ही शब्दातली रेघ की नुसती ओळ मोडल्याची, हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

बोलताना ही रूपं आता फारशी येत नाहीत. ब्राझीलमध्ये तर जवळजवळ नाहीतच. लोक सरळ 'वोउ पगार' म्हणतात, 'पैसे द्यायला जातो' अशा घाटाचं. औपचारिक लेखनात मात्र भेटतील. तिथेही वाक्यात नकार आला की सर्वनाम बाहेर पडून क्रियापदाच्या आधी उभं राहतं आणि सांधा पुन्हा मिटतो: 'नाँउ ल्ये पगारेइ', मी त्याला पैसे देणार नाही.