लहान भावाच्या डोक्यातली गाठ फुटली म्हणते डॉक्टर, ऑपरेशन कराव का?

दारव्ह्याचा कास्तकार:
राजेहो, कोणाले अनुभव असन तं सांगा. भाऊ 27 वर्षाचा, दोन-तीन महिने डोकं दुखते म्हणे तं आम्ही उन्हाचं समजून गोळ्या देत गेलो. मागच्या सोमवारी कापूस वेचता वेचता पडला, हातपाय ताठ, तोंडाले फेस, आईनं कांदा फोडून नाकाले लावला. यवतमाळले आधी म्हणे जंताची गाठ असन, मंग एमआरआय पाहून म्हणे डर्मॉइड सिस्ट, जन्मापासूनची, अन् फुटली. फिल्मवर पांढरे ठिपकेच ठिपके. आता तो जेवते, बोलते, मंग डोकं उघडाचं काहून? आई नाहीच म्हणून रायली.

रेडिओलॉजीवाला, नागपूर:
भाऊ, ते ठिपके चरबीचे थेंब असतील. आईच्या पोटात पहिल्या दीडेक महिन्यात कातडीच्या काही पेशी आत अडकतात, त्याची ही पिशवी, आत तेल, केस. फुटली की तेल मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरते पण मिसळत नाही, रश्श्यावर तर्री तरंगते तसं. सिटी स्कॅनमध्ये ते काळं, एमआरआयच्या टी-1 नावाच्या फोटोत पांढरं. पण कधी रक्तही टी-1 मध्ये पांढरं दिसते म्हणून फॅट सप्रेशन, म्हणजे चरबीची चमक दाबून फोटो काढतात, चरबी असली तर ठिपके विझून जातात. रिपोर्टमध्ये ते पाहा.

वर्धेची ताई:
माझ्या भाच्याचं हेच ऑपरेशन 2020 मध्ये झालं. तोही हिंडत-फिरत होता, पण पिशवी राहिली तं पुन्हा गळते, अन् ते तेल मेंदूच्या आवरणाले झोंबते, रक्तनळ्या आकसल्या तं लकवाही होऊ शकते असं सर्जननं समजावलं. पिशवीचा थोडा पापुद्रा नसेला चिकटला होता तो ओढला नाही, राहू दिला. थेंब अजूनही आहेत, ते वेचत बसत नाहीत, फक्त मधून मधून एमआरआय. काही दिवस स्टेरॉइड दिलं, फिटची गोळी मात्र मनानं बंद करू नका. आणि फिट आली तं कांदा-चप्पल नको हो, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांवर गेली तं गाडी काढा. विहिरीवर, ट्रॅक्टरवर एकटा पाठवू नका. उलट्या, गुंगी, ताप, मान आखडली तं त्याच दिवशी दवाखाना. महात्मा फुले योजनेत 5 लाखापर्यंत आहे, भरती करतानाच रेशनकार्ड दाखवा.

दारव्ह्याचा कास्तकार:
फॅट सप्रेशन लिहून आहे, ठिपके गेले म्हणते. आईले तर्रीचं सांगितलं तं फिल्म खिडकीपाशी धरून लय वेळ पाहत बसली. गुरुवारी नागपूरले जातो, आई पण येते म्हणे.