पांढरा हत्ती आणि आपण: बेसबॉलच्या संघमालकांनी तुम्हाला काय काय दाखवलं?

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया (धागा काढणारी)

बार्ट या लोकलच्या कोलिझियम स्टेशनातून त्याच नावाच्या स्टेडियमकडे जाणारा तो जाळीचा पूल ज्यांनी तुडवलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. कडेला गाडी लावून कांदा-मिरची परतणाऱ्या बायका, बेकनमध्ये गुंडाळलेली हॉटडॉग, आत महाग आहे, इथेच पाणी घ्या म्हणून ओरडणारी पोरं. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यातल्या एकीने हॉटडॉग बाजूला सारून नुसता पाव, कांदा आणि मिरची त्यांच्या हातावर ठेवली. पुढे आम्ही दिसलो की ती न विचारताच पाव चिरायला घ्यायची. तवा बेकनचाच होता हे सासूबाईंना अजून कळलेलं नाही. कुणी कळवूही नका.

२६ सप्टेंबर २०२४ ला तो पूल शेवटचा उतरले. गुरुवारची दुपार, ओकलंड ए'ज (म्हणजे अ‍ॅथलेटिक्स) या बेसबॉल संघाचा घरच्या मैदानावरचा अखेरचा सामना, ४६,८८९ माणसं. टेक्सासला ३-२ ने हरवलं आणि नंतर बराच वेळ कुणी जागचं हलेना. १९६८ पासूनचे ५७ मोसम, चार वर्ल्ड सिरीज म्हणजे अजिंक्यपदं, आणि आता संघ लास वेगासला. नेवाडा राज्याने स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा कबूल केला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तीसच्या तीस संघमालकांनी स्थलांतराच्या बाजूने हात वर केले. एकही विरोधी मत नाही. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरूनसुद्धा एवढं एकमत होत नाही हो!

आता कबुली. २००६ मध्ये हाच संघ आमच्या फ्रीमाँटला यायचा होता. जागा ठरली होती, नकाशे छापून झाले होते. पहिल्या जागेला शेजारच्या मोठ्या दुकानांनी नाट लावला, म्हणून वॉर्म स्प्रिंग्जचं नाव पुढे आलं. तेव्हा ट्रॅफिक वाढेल, शाळेजवळ गोंगाट होईल, असं म्हणत दारोदार सह्या गोळा करणाऱ्यांत मीही होते. फेब्रुवारी २००९ मध्ये मालकांनी बेत गुंडाळला. आम्ही पेढे वाटले. त्या पेढ्यांची चव आता आठवली की कसंतरी होतं.

या संघाचं चिन्ह हत्ती आहे. १९०२ मध्ये संघ फिलाडेल्फियात असताना न्यू यॉर्कच्या संघाचा मॅनेजर जॉन मॅग्रॉने 'पांढरा हत्ती' म्हणून हिणवलं होतं, तर ए'जचा मॅनेजर कॉनी मॅकने तोच हत्ती अंगावर मिरवला. आपल्याकडे पांढरा हत्ती पोसणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या गावात तो कोण पोसतंय? मालक, स्टेडियमचे सौदे, मागे उरलेले खेळाडू, जे असेल ते लिहा. क्रिकेट श्रेष्ठ की बेसबॉल, हा वाद मात्र इथे नको.

सॅन लिअँड्रो

मुलगा सांगतोय, मी टाइप करतेय. त्याचं मराठी बोलण्यापुरतं आहे.

१३ जून २०२३. लोक म्हणत होते की ओकलंडमध्ये बघायला कुणी येतच नाही, म्हणून संघ चाललाय. मग चाहत्यांनी उलटा बहिष्कार ठरवला: सगळ्यांनी एकाच दिवशी यायचं. मंगळवार होता, एरवी त्या वर्षी चार-पाच हजार डोकी दिसायची. त्या दिवशी २७,७५९. बाहेर हिरवे टी-शर्ट फुकट वाटत होते, छातीवर एकच शब्द, 'सेल'. म्हणजे 'संघ विकून टाका'. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला पहिला बॅटर येईपर्यंत सगळं स्टेडियम चिडीचूप. उजव्या बाजूचे ढोलवालेसुद्धा थांबले. मला फक्त बॉल ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज आला, तिसऱ्या मजल्यावर बसून. नंतर जे ओरडायला लागले! माझा आवाज दोन दिवस बसला होता.

सामनाही जिंकलो, २-१, सलग सातवा. नाहीतर त्या मोसमात संघ ११२ सामने हरला. आणि त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने पैशाचं बिल पास केलं. घरी येताना बार्टमध्ये फोनवर वाचलं.

(आता माझं स्वतःचं: क्लबने त्या दिवशीच्या तिकिटांचे आठ लाखांहून जास्त डॉलर दान केले, हेही लिहायला हवं. आणि आता चिरंजीव वेस्ट ओकलंडला रायमंडी पार्कमध्ये ओकलंड बॉलर्स बघायला जातात. छोट्या लीगचा संघ आहे, पण चाहत्यांनाही त्याचे भाग विकत घेता आले. वाढदिवसाचे पैसे तिकडे गेले. सर्टिफिकेट फ्रिजवर चिकटवलंय.)

सॅन होजे

फ्रीमाँटवाल्या ताई, तुमच्या सह्यांनी काही झालं नाही, उगाच मनाला लावून घेऊ नका. संघ आमच्याकडे यायलाही तयार होता. पण सॅन होजे भागात संघ ठेवण्याचा हक्क शेजारच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघाकडे, आणि ते सोडेनात. शहराने कोर्टात धाव घेतली. १९२२ पासून बेसबॉलला मक्तेदारीच्या कायद्यातून सूट आहे, त्यापुढे कुणाचं चालत नाही. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

खरी चुटपुट वेगळीच आहे. हा हक्क जायंट्सना दिला कुणी? ए'जचेच तेव्हाचे मालक वॉल्टर हास यांनी, १९९० च्या सुमारास, शेजारधर्म म्हणून, फुकट! भला माणूस. त्यांच्या काळात संघावर पैसा ओतला जायचा, आणि १९९० मध्ये त्याच कोलिझियमला २९ लाख प्रेक्षक आले. ओकलंडला कुणी येत नाही म्हणणाऱ्यांना हा आकडा ऐकवा.

कॅन्सस सिटी, मिझुरी

मी इथे १९८१ पासून. ओकलंडकरांचं दुःख वाचलं, पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. तुमचा संघ तुमच्याकडे आला कुठून? आमच्याकडून! १९५५ ते १९६७ ए'ज कॅन्सस सिटीत होते. मालक चार्ली फिनलीने उचलून ओकलंडला नेले. ऑफिसातले म्हातारे सहकारी ऐंशीच्या दशकातही फिनलीचं नाव निघालं की जेवता जेवता काटा खाली ठेवायचे. सिनेटर सायमिंग्टन यांनी वॉशिंग्टनमधून दम भरला, म्हणून १९६९ मध्ये आम्हाला रॉयल्स मिळाले.

त्यानंतरचे मालक ईविंग कॉफमन. माझ्या मते असा मालक दुसरा नाही. वारस संघ बाहेर विकतील ही धास्ती असल्याने त्यांनी मरण्याआधी व्यवस्था केली, की संघ धर्मादाय संस्थेकडे जाईल आणि गाव न सोडण्याच्या अटीवरच विकला जाईल. १९९३ मध्ये ते गेले. २००० मध्ये संघ ९ कोटी ६० लाखांना विकला गेला, पैसे दानधर्माला. त्याच संघाचे २०१९ मध्ये शंभर कोटी आले. मधल्या काळात खेळ कसा होता ते विचारू नका. २०१५ चा विजय सोडला तर बहुतेक वर्षं आम्ही फक्त पोपकॉर्न खायला जायचो.

२ एप्रिल २०२४ ला मतदान झालं. रॉयल्सना गावात नवीन स्टेडियम हवं, अमेरिकन फुटबॉलच्या चीफ्सना जुन्याची डागडुजी, म्हणून विक्रीकराचे डॉलरमागे तीन अष्टमांश सेंट पुढची चाळीस वर्षं. मी अठ्ठ्याहत्तरचा, चाळीस वर्षांचं कुणाला सांगता? बायकोने 'हो' दिलं, मी 'नाही' दिलं, गाडीतून घरी येईपर्यंत अबोला. ५८ टक्क्यांनी 'नाही' झालं. ज्या गल्लीत स्टेडियम येणार होतं तिथली छोटी दुकानं उठली असती, मला तेवढं एकच कारण पुरेसं होतं.

जाता जाता: मालक आणि जागेची भांडणं आपल्यालाही नवी नाहीत. ब्रेबॉर्नच्या तिकिटांवरून क्लब आणि असोसिएशनचं फाटलं, म्हणून तर शेषराव वानखेड्यांनी शेजारीच दुसरं स्टेडियम उभं केलं. जानेवारी १९७५ ला गिरगावातून चालत गेलो होतो. लॉइड, नाबाद २४२. सिमेंटचा वास अजून गेला नव्हता. (क्रिकेट नको म्हणालात, पण वयाचा मान राखा.)

सिॲटल

काकांशी असहमत. आदराने, पण असहमत.

१९९५ मध्ये मी नवा नवा एच-वनवर आलो होतो. इथला बेसबॉल संघ मॅरिनर्स तेव्हा किंगडोम या बंद छताच्या स्टेडियममध्ये खेळायचा. आदल्याच वर्षी त्याच्या छताच्या फरशा खाली आल्या होत्या. १९ सप्टेंबर १९९५ ला नव्या स्टेडियमच्या करावर मतदान झालं, हजारभर मतांनी पडलं. सगळे म्हणायला लागले, संघ आता गेला. मला मत नव्हतंच.

आणि मग ८ ऑक्टोबर. न्यू यॉर्क यांकीजविरुद्ध बाद फेरीतला निर्णायक पाचवा सामना, अकरावी इनिंग, आपण एका धावेने मागे. बेसबॉल मला जेमतेम कळत होता. आम्ही पाच जण एका खोलीत, एक सोफा, भाड्याचा टीव्ही, कुकरमध्ये खिचडी. आपल्या एडगर मार्टिनेझने डावीकडच्या कोपऱ्यात चेंडू मारला, एक जण आला, आणि आपलाच ग्रिफी पहिल्या बेसवरून सुटला तो थांबेचना. तिसरा ओलांडला, घरात घसरला, ६-५. खाली माणसांचा ढीग, त्यात ग्रिफीचा फक्त हसणारा चेहरा दिसत होता. खिचडी करपली. त्या रात्री कळलं, या खेळात माणसं जीव का टाकतात.

आठवड्याभरातच विधिमंडळाने वेगळे कर लावून स्टेडियम मंजूर केलं. लोकांनी 'नाही' म्हटल्यावर! हे चूक होतं, मान्य. किंग काउंटीत हॉटेलच्या प्रत्येक बिलावर अर्धा टक्का लागला. म्हणजे मत नाही पण इडली खाल्ली की स्टेडियमला वर्गणी. आणखी गंमत, किंगडोम २००० मध्ये सुरुंग लावून पाडलं, त्याचं कर्ज मात्र २०१५ पर्यंत फिटत होतं. नसलेल्या इमारतीचे हप्ते.

तरी मी तो अर्धा टक्का खुशीने दिला. २००८ मध्ये बास्केटबॉलचे सॉनिक्स ओक्लाहोमाला गेले तेव्हा संघ नसणं म्हणजे काय ते पाहिलंय. एडगरला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, जायला दहावं आणि शेवटचं वर्ष उजाडावं लागलं, २०१९. कारण काय, तर तो फक्त बॅटिंग करायचा. त्या एका फटक्याने गावाचा संघ राहिला, हे मतपत्रिकेत कुठल्या रकान्यात लिहायचं?

एडिसन, न्यू जर्सी

न्यू यॉर्क मेट्सवाले आहोत, रडगाणं मोठं आहे, पण एकच सांगतो. आमचा खेळाडू बॉबी बोनियाला २००० साली ५९ लाख डॉलर देऊन मोकळं करायचं होतं. तेव्हाच्या मालकांनी म्हटलं, आत्ता नको, आठ टक्क्यांनी पुढे देतो. परिणाम: २०११ ते २०३५, दर १ जुलैला ११ लाख ९३ हजार डॉलर. तो शेवटचा खेळला २००१ मध्ये!

माझे वडील बँकेतून रिटायर झालेले. त्यांना बेसबॉलचं ओ की ठो कळत नाही, पण दर १ जुलैला न चुकता विचारतात, "त्या मुदत ठेववाल्याचे जमा झाले का?" त्यांच्या मते अमेरिकेतला सर्वांत हुशार खेळाडू तोच. सहा वेळा ऑल-स्टार होता हे सांगून पाहिलं. ऐकत नाहीत.

सॅन मटेओ

जायंट्सला शिव्या पडणार हे माहीत होतंच. एवढंच सांगतो की आमचं स्टेडियम मुख्यतः मालकांच्या पैशातून उभं राहिलं, २००० मध्ये. त्याआधी मतदारांनी चारदा हाकलून लावलं होतं. म्हणजे 'नाही' म्हटलं की पैसे निघतात. काकांना माझा पाठिंबा.

आणि आमचा फलंदाज बॅरी बाँड्स. ७ ऑगस्ट २००७ ला ७५६वा होमरन मी तिथे बसून पाहिला. ताकद वाढवणाऱ्या औषधांचं सगळं माहीत असून उभा राहून ओरडलो, खोटं कशाला बोलू. एकूण ७६२. हॉल ऑफ फेमला ७५ टक्के मतं लागतात, २०२२ च्या शेवटच्या खेपेला ६६ वर अडकला. तो ७५६वा चेंडू मात्र तिथल्या संग्रहालयात आहे, वर फुलीसारखी खूण मारलेली. चेंडू आत, माणूस बाहेर. मुलीला हे समजावून सांगताना माझी त-त-प-प झाली, ती म्हणाली, "बाबा, तू तेव्हा टाळ्या वाजवल्यास ना?"

फ्रीमाँट (धागा काढणारी)

काका, ते फिनलीचं वाचून गप्प झाले. खरंच डोक्यात आलं नव्हतं की आम्हीही कुणाचा तरी संघ घेऊन बसलो होतो.

गेल्या जुलैत सॅक्रामेंटोला जाऊन आलो. वेगासचं स्टेडियम तयार होईपर्यंत संघ तिथे छोट्या लीगच्या मैदानावर खेळतोय. नावापुढे गावच नाही, नुसतं 'अ‍ॅथलेटिक्स'. एखाद्याने आडनाव काढून टाकावं तसं. ऊन असं की बाकाला हात लावता येईना.

शेवटच्या सामन्याला मानाचा पहिला चेंडू टाकायला ए'जचा जुना खेळाडू रिकी हेंडरसन आला होता, जुना पिचर डेव्ह स्ट्यूअर्टबरोबर. ओकलंडच्याच गल्ल्यांत वाढलेला पोरगा, १,४०६ बेस चोरलेले (म्हणजे चेंडू न मारता पळून पुढचा बेस गाठलेला), एका मोसमात १३०. त्या दिवशी आमच्या रांगेतला एक आजोबा नातवाला सांगत होता, चोर आला बघ. तीन महिन्यांत, २० डिसेंबरला, रिकी गेला. त्याचा चोवीस नंबर आता संघाबरोबर वेगासला जाणार, आणि त्याच्या नावाचं मैदान ओकलंडमध्ये. कुणाकडे काय राहिलं, तुम्हीच ठरवा.

सासूबाईंना पुण्याला फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न: "मग ती पाववाली आता कुठे बसते गं?" सॅन लिअँड्रोवाल्या ताई, तुम्ही जवळ आहात. फुटबॉलच्या सामन्यांना पुलावर गाड्या लागतात म्हणे. उंच आहे, लाल एप्रन, डाव्या हाताने कांदा परतते. दिसली तर कळवा.