फाल्कनमध्ये पान सरकवलं की जुन्या ओळी तशाच चिकटून राहतात – मदत हवी आहे

सदाफुली:
नमस्कार. जुन्या लॅपटॉपवर फाल्कन ब्राउझर वापरते. पान खाली सरकवलं की मधला एक पट्टा सरकतच नाही. आधीच्या दोन-तीन ओळी तिथेच राहतात आणि नव्या ओळी त्यांच्या खालून सुरू होतात. कधी काळा चौकोन येतो. माउसने मजकूर निवडला की पट्टा जातो, पुन्हा सरकवलं की परत हजर.

मी मराठी विकिस्रोतावर, म्हणजे जुनी पुस्तकं टंकून ठेवणाऱ्या मुक्त ग्रंथालयात, मुद्रितशोधन करते. डावीकडे मजकूर, उजवीकडे स्कॅन. काल एक ओळ दोनदा दिसली. स्कॅनमध्ये ती एकदाच होती, म्हणून ओळीच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबत गेले आणि जतन केलं. रात्री फोनवर बघितलं तर ती ओळ पानावर कुठेच नाही! कुणीतरी मेहनतीने टंकलेलं पान माझ्या हातून बिघडलं. कृपया लवकर सांगा. कॅशे साफ करून झालं आहे.

घाटावरचा:
रॅम किती? २ जीबी असेल तर ब्राउझरला दोष देऊन उपयोग नाही. मी माझ्या जुन्या मशीनमध्ये रॅम वाढवली, एसएसडी टाकली, तेव्हापासून कसली कटकट नाही.

बोरूबहाद्दर:
ताई, नोटो सान्स देवनागरी फॉन्ट टाकून बघा. लोहितही चांगला आहे. जोडाक्षरं लगेच सुधारतील.

सदाफुली:
जोडाक्षरं बरोबर दिसतात हो. प्रश्न ओळी दोनदा दिसण्याचा आहे. रॅम ४ जीबी.

अण्णा_टर्मिनल:
सदाफुलीताई, लिनक्स कोणतं? ग्राफिक्सची चिप कोणती? हे कधीपासून होतंय आणि त्याआधी काय बदललंत?

सदाफुली:
डेबियन लिनक्स, त्यावर एक्सएफसीई डेस्कटॉप. प्रोसेसर कोअर २ ड्युओ, ग्राफिक्स इंटेलचं जीएम४५. बदललं काहीच नाही. आठ-दहा दिवस होतंय.

केतकी_७:
फाल्कन कशाला? सरळ क्रोम टाका.

घाटावरचा:
क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्सनेही १४४ व्या आवृत्तीनंतर सोडलं. जुन्या मशीनवाल्यांनी जायचं कुठे?

केतकी_७:
कोअर २ ड्युओ ६४ बिट असतो, दादा.

घाटावरचा:
प्रोसेसर असतो, पण त्यावर ३२ बिट सिस्टीम टाकलेली असू शकते. बऱ्याच जणांनी रॅम वाचवायला टाकली आहे.

बोरूबहाद्दर:
मग डिलो वापरा. इतका हलका ब्राउझर दुसरा नाही. २०२४ मध्ये बऱ्याच वर्षांनी नवी आवृत्ती आली, तेव्हापासून मी रोज वापरतो.

केतकी_७:
डिलोत जावास्क्रिप्ट चालत नाही. स्कॅन मोठं-लहान करायची बटणं कशी चालतील? शिवाय मी मराठी पान उघडलं तेव्हा जोडाक्षरं सुटी झाली होती आणि ‘कि’ची वेलांटी क-च्या मागे जाऊन बसली होती. मुद्रितशोधनाला असला ब्राउझर नकोच.

बोरूबहाद्दर:
मी इंग्रजी बातम्या वाचतो. हे माहीत नव्हतं.

अण्णा_टर्मिनल:
विषयावर येऊ या. ताई, डेबियन ११ की १२? आणि १२ असेल तर ते मुळातून टाकलं की ११ वरून अपग्रेड केलं?

सदाफुली:
११ होतं. भाच्याने १२ करून दिलं. हो, त्यालाही साधारण दहा दिवस झाले. पण फाल्कनला आम्ही हातही लावला नाही.

अण्णा_टर्मिनल:
अपग्रेडमध्ये फाल्कनही बदलला. डेबियन ११ मध्ये ३.१ होता, १२ मध्ये २२.१२ आहे. त्याहून मोठा बदल खाली झाला. ११ मध्ये मेसा, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या ड्रायव्हरांचा संच, २०.३ होतं, १२ मध्ये २२.३ आहे, आणि २०२२ च्या २२.० आवृत्तीत मेसाने जुने क्लासिक ड्रायव्हर बाहेर काढले. तुमची चिप आधी आय९६५ ड्रायव्हरवर चालायची, आता क्रोकस या नव्या ड्रायव्हरवर चालते. दोष त्याचाच, असं छातीठोक सांगत नाही. पण मजकूर निवडल्यावर पट्टा जातो, म्हणजे मजकूर शाबूत आहे, फक्त तेवढा भाग पुन्हा रंगवला जात नाही.

तपासायचं असं. टर्मिनलमध्ये फाल्कन लिहा, एक जागा सोडा, मग डॅश डॅश डिसेबल डॅश जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिप न वापरण्याची सूचना. सगळं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, बाकी मध्ये जागा नको.

घाटावरचा:
माझं अजूनही म्हणणं रॅमचंच आहे.

अण्णा_टर्मिनल:
रॅम कमी पडली तर पान अडखळेल, टॅब बंद पडेल. एक ओळ दोनदा दिसणार नाही.

सदाफुली:
केलं. काडीचा फरक नाही.

अण्णा_टर्मिनल:
तेव्हा फाल्कनची आधीची खिडकी उघडी होती का? असेल तर तो नवा सुरू होत नाही, चालू असलेल्यातच एक खिडकी उघडतो आणि तुमची सूचना वाया जाते. सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा करा.

सदाफुली:
उघडी होती! बंद करून केलं आणि पट्टे गेले. काळा चौकोनही नाही. पण भरभर सरकवलं की पान मध्येच आडवं चिरल्यासारखं दिसतं, वरचा भाग पुढे, खालचा मागे. हे आधीही होतं, पट्ट्यांच्या नादात लिहायचं राहिलं.

अण्णा_टर्मिनल:
चिरताना स्क्रीनशॉट घ्या. चीर चित्रात आली तर ब्राउझर बघू. चित्र स्वच्छ असेल तर चित्र पडद्यावर पोचवतानाची वेळ चुकते आहे.

सदाफुली:
पाच घेतले. पाचही स्वच्छ.

अण्णा_टर्मिनल:
मग सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजर ट्वीक्स उघडा. शेवटच्या कंपोझिटरच्या (खिडक्यांचं चित्र जुळवून पडद्यावर पाठवणारा भाग) टॅबमध्ये वरची टिक आहे का?

सदाफुली:
नाही. मशीन हलकं व्हावं म्हणून वर्षापूर्वी मीच काढली होती. लावली. चिरणं थांबलं.

अण्णा_टर्मिनल:
छान. आता दर वेळी टर्मिनल नको असेल तर मेनूतल्या फाल्कनच्या नोंदीत, कमांडच्या ओळीत, तीच सूचना जोडा. रंगवण्याचं काम आता प्रोसेसरवर पडेल, त्यामुळे व्हिडिओ जड जातील. वाचायला, टंकायला अडचण नाही.

घाटावरचा:
माझ्याकडेही डेबियन १२ झाल्यावर पान चिरतं. टिक लावून बघतो. रॅमचं म्हणणं मागे घेतो.

सदाफुली:
अण्णा, मनापासून आभार. पानाच्या इतिहासातून ती ओळ परत आणली. पण अपग्रेडनंतर मी एकूण २३ पानं तपासली होती. आता ती स्कॅनशी पुन्हा ओळीओळीने ताडून बघते आहे. ११ झाली. त्यात सातव्या पानावर आणखी एक ओळ गेलेली सापडली, परिच्छेदाची शेवटची, चारच शब्दांची. ती गेल्याचं वाक्य वाचून कळत नव्हतं.

केतकी_७:
मी फोनवर करू शकते. थोडी पानं द्या.

सदाफुली:
शेवटची सहा घ्या, १८ ते २३. दुवे निरोपात पाठवते. मी १२ पासून धरते.