हिब्रू ‘राआ’ला मराठीत काय म्हणावं: चारणे, राखणे की पाळणे? मदत हवी आहे

नमस्कार,

आमच्या चर्चच्या बायबल-अभ्यासात यहेज्केलचा ३४ वा अध्याय शिकवायचं काम या वेळी माझ्याकडे आलंय. हिब्रू मी घरीच कोश आणि व्याकरण घेऊन शिकते, तिसरं वर्ष चालू आहे. अडलेय एकाच क्रियापदापाशी. रेश, आयिन, हे ही तीन अक्षरं, उच्चार साधारण ‘राआ’. त्याचंच ‘रोए’ म्हणजे मेंढपाळ, आणि २३ व्या स्तोत्रातलं ‘रोई’ म्हणजे माझा मेंढपाळ.

आधी एक घोळ निस्तरते, कारण मागच्या बैठकीत तोच झाला. ‘यहोवा यिरे’ या उत्पत्ती २२ मधल्या नावातलं ‘यिरे’ आणि हे ‘रोई’ एकाच धातूचे, असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. घरी येऊन पाहिलं तर ‘यिरे’मध्ये मधलं अक्षर आलेफ आहे, तो धातू ‘पाहणे’चा. आपल्याकडे दोन्ही ‘राआ’ असंच लिहिलं जातं, म्हणून फसायला होतं.

आता खरी अडचण. उत्पत्ती ४१ मध्ये नाईल नदीतून सात गाई वर येतात आणि लव्हाळ्यात चरतात, तिथे हेच क्रियापद. उत्पत्ती ४ मध्ये हाबेल मेंढरं राखतो, तिथेही हेच. मराठीत चरणारं जनावर वेगळं आणि चारणारा माणूस वेगळा, एका काना-मात्रेचा तर फरक. हिब्रूत मात्र एकच रूप दोन्हीकडे चालतं. म्हणून गीतरत्नातला तो प्रियकर कमळांमध्ये कळप चारतोय की स्वतःच चरतोय, हे नुसत्या शब्दावरून ठरत नाही. स्तोत्र ४९:१४ तर अंगावर काटा आणतं. मृत्यू त्यांचा मेंढपाळ होईल असंही वाचता येतं, आणि मृत्यू त्यांच्यावर चरेल असंही.

पुढे हाच शब्द राजांकडे जातो. २ शमुवेल ५:२ मध्ये दाविदाला सांगितलंय, माझ्या इस्राएल लोकांना तू ‘राआ’ करशील. यशया ४४ मध्ये कोरेश या परक्या, पारसच्या राजालाही देव ‘रोई’ म्हणतो. ही पद्धत त्या सगळ्या मुलखाचीच होती. बाबेलचा प्राचीन राजा हम्मुराबीसुद्धा आपल्या कायद्याच्या प्रस्तावनेत स्वतःला मेंढपाळ म्हणवतो, आणि अक्कादी भाषेतला तो शब्द याच धातूचा भाऊबंद आहे.

मग यहेज्केल ३४ मध्ये कोणतं क्रियापद धरू? ‘पाळणे’ म्हटलं की आमच्या लोकांना पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आठवतात, आणि कोंबड्याही. ‘राखणे’ म्हटलं की नुसती राखण होते, खाणं त्यात येत नाही. माझा कल ‘चारणे’कडे आहे, त्याचं कारण सांगते. दिवाळीनंतर आमच्या रानात धनगरांची मेंढरं बसतात. गेल्या वर्षी मी बांधावर बसून पाहत होते. त्यांच्यातल्या एका आजोबांनी लांब आकडीने बाभळीची डहाळी ओढून खाली वाकवली आणि पाय दुखावलेल्या मेंढीपुढे धरली. बाकीची धावून आली, तर त्यांना काठीने मागे सारलं. तिचं खाऊन होईपर्यंत त्यांनी डहाळी सोडली नाही. सांभाळ, न्याय, धाक, सगळं त्या एका चारण्यात होतं.

पण ‘लोकांना चारणे’ म्हटलं की मराठीत पैसे चारल्यासारखं ऐकू येतं. तिथेच गाडी अडते. आणखी एक विचारायचं आहे. स्तोत्र २:९ मध्ये ‘लोहदंडाने फोडून टाकशील’ आहे, पण प्रकटीकरण २:२७ मध्ये तेच वचन मेंढपाळाच्या क्रियापदाने येतं. हे कसं?

प्रतिसाद

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मूळ लिखाणात स्वरखुणा नव्हत्या, नुसती व्यंजनं होती. ‘त-र-अ-म’ या व्यंजनांना मासोरा पंडितांनी, म्हणजे पुढे स्वरखुणा घालणाऱ्या यहुदी विद्वानांनी, ज्या खुणा दिल्या त्यांनी तो शब्द ‘मोडणे’ या वेगळ्या धातूचा ठरतो. ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी तीच अक्षरं ‘राआ’ची म्हणून वाचली, आणि प्रकटीकरणात ग्रीक वाचन आलं. पुढच्या ओळीत कुंभाराचं मडकं फुटतं, त्यामुळे ‘मोडणे’ला जोर आहे. पण तिथल्या दंडाला जो ‘शेवेत’ शब्द आहे, तोच २३ व्या स्तोत्रात धीर देणाऱ्या काठीलाही आहे, हेही लक्षात असू द्या.

यहेज्केलबद्दल म्हणाल तर ‘चारणे’ सोडू नका. त्या अध्यायाचा सगळा संतापच खाण्यावरून आहे. दुसऱ्या वचनात मेंढपाळ स्वतःलाच चारतात. तिसऱ्यात ते पुष्ट मेंढरं कापून खातात, लोकर पांघरतात, कळपाला मात्र चारत नाहीत. १४ व्या वचनात दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी आहेत: देव म्हणतो मी त्यांना चारीन, आणि मग ती चरतील. हिब्रूत एकच धातू, आणि तुमच्या मराठीत एका कान्याचा फरक. ‘राखणे’ घेतलंत तर ही जोडी तुटते. ‘लोकांना’ हा शब्द त्या वचनांत आणूच नका, ‘माझ्या मेंढरांना चारीन’ म्हणा, पैशाचा वास येणार नाही. २ शमुवेलमध्ये मात्र ‘सांभाळशील’ बरं. सगळीकडे एकच मराठी शब्द बसवायचा हट्ट कशाला?

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. १४ वं वचन मी किती वेळा वाचलं असेल, पण ‘चारीन’ आणि ‘चरतील’ शेजारी आहेत हे दिसलंच नव्हतं. आज रात्री कागद पुन्हा लिहायला घेतला. १६ व्या वचनात हरवलेल्याला शोधीन, मोडलेल्याला पट्टी बांधीन असं येतं आणि शेवटी तेच क्रियापद, ‘न्यायाने’ या शब्दासकट. तिथे ‘मी त्यांना न्यायाने चारीन’ असं लिहिलंय आणि तसंच ठेवणार आहे. बाभळीखालच्या त्या आजोबांची गोष्टही तिथेच सांगेन.

स्तोत्र ४९ मात्र अजून सुटलेलं नाही. ‘मरण त्यांना चारील’ की ‘मरण त्यांच्यावर चरेल’? दोन्ही अर्थ एका मराठी वाक्यात धरणारं काही कुणाला सुचलं तर जरूर कळवा.